वाळूचा वाफसा



आज पिकाचं काही नाही. आज वाळूबद्दल लिहितोय, तेही समुद्राच्या वाळूबद्दल. आपल्या कराडकडच्या माणसाचा आणि खाऱ्या पाण्याचा काय संबंध, असं वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा, विषय फिरून मातीवरच येतो. आणि एक चूक कबूल करायची आहे, तीही आजच करून टाकतो.

माझा पुतण्या पुण्यात नोकरीला असतो. त्याच्या घरी खाऱ्या पाण्याची फिश टँक आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. दगड, वाळू धरून आत साधारण १४० लिटर पाणी बसतं. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन जोकर मासे, थोड्या गोगलगाई, कृत्रिम दगड आणि तळाला पांढरी वाळू. प्रवाळ वगैरे काही नाही. ते आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, म्हणून त्याने ठेवलेलंच नाही. मासे मात्र हॅचरीत तयार झालेले. टाकी नावाला पुतण्याची. खरी मालकीण त्याची आठ वर्षांची मुलगी, म्हणजे माझी नात.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी घर बदललं तेव्हा मदतीला मीच गेलो होतो. टाकी रिकामी केली. वाळूत हात घातला तर चिखलासारखा गढूळ गाळ वर आला. म्हटलं, एवढी घाण घेऊन नव्या घरात कशाला जायचं? बाथरूममध्ये बसलो, नळ सोडला आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत वाळू धुतली. तांदूळ धुवावेत तशी, पाच-सहा पाण्यांनी. फिल्टरचा स्पंजही नळाखाली पिळून काढला. दगड गच्चीवर उन्हात ठेवले. नव्या घरात टाकी लावली तेव्हा ती दुकानातल्यासारखी चकचकीत दिसत होती. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वरच्या अंगाला येऊन धापा टाकायला लागले. पाचव्या दिवशी एक गेला, सातव्या दिवशी दुसरा. पुतण्याने पाणी तपासलं तर अमोनिया २ पीपीएम. त्या टाकीत तो शून्य असायला हवा. नातीने मला काही विचारलं नाही. तिला वाटलं, मासे म्हातारे झाले असतील. मीही गप्प बसलो.

आता बघा, मला हे कळायला हवं होतं. २०१४ च्या उन्हाळ्यात मी आमच्या वरच्या तुकड्याचं सपाटीकरण केलं होतं. जेसीबीवाल्याने उंचवटा खरडून खोलगट भागात भरला. वरची वीतभर काळी माती खाली गाडली गेली आणि खालचा पिवळट मुरूम वर आला. पट्टा टेबलासारखा सपाट झाला, पण सोयाबीन पहिल्या वर्षी पिवळं पडलं, दुसऱ्या वर्षीही निम्म्यावर. शेणखत, ताग, धैंचा करत करत ती जमीन ताळ्यावर यायला चार वर्षं गेली. मातीचा जीव वरच्या थरात असतो हे पैसे मोजून शिकलेला माणूस मी. तरी वाळू धुताना ते आठवलं नाही. ती पांढरी होती, कोरडी केली की निर्जीव दिसत होती, म्हणून मी तिला बांधकामाची वाळू समजलो.

खरा प्रकार असा आहे. मासा खातो, श्वास घेतो, त्यातून अमोनिया बाहेर पडतो. उरलेलं खाद्य कुजतं, त्यातूनही अमोनियाच तयार होतो. वाळूच्या प्रत्येक कणावर, दगडाच्या प्रत्येक छिद्रात आणि फिल्टरच्या स्पंजात जिवाणूंचा पातळ थर असतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट माशाला बरंच सोसतं, पहिली दोन सोसत नाहीत. हे नवं काही नाही. आपण युरिया टाकल्यावर जमिनीत जे होतं, तेच. विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास मातीतून हे जिवाणू वेगळे करून दाखवले. त्यांचीच भावकी समुद्रातही आहे.

गंमत म्हणजे शेतात आपण या जिवाणूंचा वेग कमी करायला बघतो. युरियाला निंबोळीचा लेप कशासाठी असतो? नत्राचं नायट्रेट सावकाश व्हावं आणि ते पाण्याबरोबर वाहून जाऊ नये म्हणून. टाकीत मात्र हेच जिवाणू माशांचा जीव धरून असतात.

दुसरी गोष्ट सामूची. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो. सामू ७ असताना जेवढा अमोनिया विषारी रूपात असतो, त्याच्या दहापटीहून जास्त ८.२ ला असतो. चुनखडीच्या जमिनीवर युरिया नुसता फेकला आणि पाणी दिलं नाही तर नत्र हवेत उडून जातं, ते याच कारणाने. ही वाळूसुद्धा चुनखडीचीच, अरॅगोनाइट म्हणतात तिला. म्हणजे खाऱ्या टाकीत अमोनिया थोडा वाढला तरी घात होतो.

आणि हे जिवाणू वाढतात फार सावकाश. पोट बिघडवणारे जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. यांना दुप्पट व्हायला अर्धा-एक दिवस किंवा त्याहूनही जास्त लागतो. कोऱ्या टाकीत ही वस्ती उभी राहायला चार ते सहा आठवडे जातात. नळाच्या पाण्यात क्लोरीन, वर ते गोडं पाणी, वर दगडांना ऊन. एका दुपारी मी ती सगळी वस्ती संपवली होती.

सहा महिन्यांनी पुतण्याने पुन्हा दोन मासे आणले. नात त्यांना सकाळी शाळेत जायच्या आधी खाऊ घालते. या मे महिन्यात त्याने चिंचवडला स्वतःचा फ्लॅट घेतला. हडपसरहून चिंचवड, म्हणजे पंचवीसेक किलोमीटर. त्याचा फोन आला, "काका, टाकी हलवायचीय. याल का?" मागचं तो एका शब्दाने बोलला नाही. मी म्हटलं, "येतो. पण या वेळी वाळूला मी सांगेन तसाच हात लावायचा."

काय काय केलं ते क्रमाने सांगतो.

आदल्या संध्याकाळी नवं खारं पाणी करून ठेवलं. आरओचं ४० लिटर पाणी, लिटरला ३५ ग्रॅमप्रमाणे टाकीसाठीचं समुद्री मीठ, म्हणजे १४०० ग्रॅम. रात्रभर पंपाने फिरत ठेवलं. सकाळी विशिष्ट गुरुत्व १.०२५ आणि तापमान २६ अंश, जुन्या पाण्याशी जुळतं.

ड्रम मी गावाकडून नेले होते. तिथे पुन्हा एकदा घोळ होता होता राहिला. एक निळी बादली उचलली आणि कडेला फिकट निळसर डाग दिसला. मागच्या पावसाळ्यात त्यात बोर्डो मिश्रण केलं होतं. मोरचुदातलं तांबं गोगलगाई-कोळंबीच्या जातीला अगदी थोडं असलं तरी मारतं. बादली तशीच परत गाडीत टाकली. नव्या बादल्या आणि प्लास्टिकची सहा घमेली बाजारातून आणली. फवारणीची भांडी कितीही घासलेली असोत, या कामाला नकोत.

सकाळी सहाला सुरुवात. वाळूला हात लावायच्या आधी वरचं स्वच्छ पाणी नळीने ओढून ड्रममध्ये घेतलं, १०० लिटर. आधी वाळू हलवली असती तर सगळं पाणी गढूळ झालं असतं. मग दगड काढून एका ड्रममध्ये पाण्याखाली ठेवले. मासे वेगळ्या ड्रममध्ये, बॅटरीवरचा एअर पंप लावून. फिल्टरचा स्पंज न धुता तसाच दगडांच्या पाण्यात टाकला.

मग वाळू. पुतण्या म्हणाला, "काका, वाळू आतच राहू दे की, टाकी तशीच उचलू." ते बरोबर नाही. सहा सेंटीमीटर थर होता, म्हणजे ३५ ते ४० किलो ओली वाळू. ती आत ठेवून टाकी उचलली तर तळाच्या काचेवर आणि सिलिकॉनच्या जोडांवर ताण येतो. शिवाय हेलकाव्याने वरची वाळू खाली आणि खालची वर होते. माझ्या सपाटीकरणासारखं.

वरचा दोन-अडीच सेंटीमीटर थर सपाट प्लास्टिकच्या सुपलीने हळूच उचलला. हवा खेळती असते ती याच थरात. आपले जिवाणू इथेच, बारीक कृमी, गोगलगाई इथेच. नातीने भिंग आणलं होतं. वाळूतून एक केसाळ किडा वळवळत निघाला तसं ती म्हणाली, "आजोबा, हा गांडुळाचा भाऊ आहे का?" म्हटलं, चुलत भाऊ म्हण. काम तेच करतो, पडलेलं खातो आणि वाळू मोकळी ठेवतो.

हा थर चार घमेल्यांत पातळ पसरला, तीन-चार बोटांपेक्षा जाड नाही. वर टाकीचंच पाणी, वाळू जेमतेम बुडेल एवढं. त्यावर त्याच खाऱ्या पाण्यात भिजवलेलं सुती फडकं. पुतण्या सगळी वाळू एका बादलीत भरून वर पाणी घालून झाकण लावणार होता. तसं केलं की आतले जिवाणू असलेला ऑक्सिजन संपवतात आणि तळातली वाळू गुदमरते. वाळली तरी मेली, कोंडली तरी मेली. आपल्या भाषेत सांगायचं तर वाळूचा वाफसा टिकवायचा. कणाला ओल हवी आणि कणापर्यंत हवाही पोचायला हवी.

खालचा थर निराळा. एका कोपऱ्यात दगडाखाली वाळू काळपट पडली होती. सुपली लावताच सडक्या अंड्याचा वास आला. हवा पोचत नाही तिथे दुसऱ्या जातीचे जिवाणू असतात, ते हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. जागच्या जागी असेपर्यंत हा थर त्रास देत नाही, उलट ऑक्सिजन नसलेल्या थरातले काही जिवाणू नायट्रेटचा नत्र वायू करून टाकतात. पण ढवळला की सल्फाइड आणि वर्षभराचा साचलेला गाळ एकदम पाण्यात येतो. म्हणून खिडक्या उघडल्या आणि काळी वाळू सरळ टाकून दिली. उरलेली खालची वाळू टाकीच्याच उरलेल्या खाऱ्या पाण्यात तीन वेळा खळबळून घेतली. नळाखाली नाही. वाळूचा थर चार इंचांपर्यंत जाड आणि जुना असेल तर मी म्हणेन, खालची वाळू नेऊच नका. नवी कोरडी वाळू धुऊन खाली घाला आणि जुन्या वरच्या थरातली थोडी वर पसरा. विरजणासारखी ती कामाला येते, फक्त दिवस लागतात आणि तोवर खाद्य हात आखडून द्यायचं.

धुतल्याचं गढूळ पाणी सूनबाई सोसायटीच्या बागेत ओतायला निघाली होती. तिला थांबवलं. त्या ४० लिटरमध्ये जवळपास दीड किलो मीठ. समुद्राच्या पाण्याची विद्युत वाहकता साधारण ५० डेसिसायमन प्रति मीटर असते. आपण जमिनीला ४ च्या वर गेली की खारवट म्हणतो. ते पाणी मोरीतच गेलं.

नऊ वाजता टेम्पो निघाला. मी मागे ड्रमांजवळ बसलो. घमेल्यांवर फळ्या टाकून त्यावर ओली पोती. पुलाखाली गाडी अडकली ती हलेचना. ऊन चढलं आणि तेवढ्यात एअर पंपाची बॅटरी संपली. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि आत दोन जीव. मग मग घेतला आणि हातभर उंचावरून पाणी ओतत बसलो, चहा गार करतात तसा. वीस मिनिटं झाली, हात भरून आला. शेजारच्या दुचाकीवाल्याने विचारलं, "मामा, काय करताय?" म्हटलं, "माशांना वारा घालतोय." तो हसला. मला हसू येत नव्हतं. पुढच्या सीटवर नात होती, दर दोन मिनिटांनी मागच्या काचेतून माझ्याकडे बघत होती.

पावणेदोन तासांनी पोचलो. आधी स्टँड लेव्हल केला, टाकी ठेवली. तळावर दगड पक्के बसवले. दगड आधी काचेवर, म्हणजे वाळू सरकली तरी ते घसरत नाहीत. मग दगडांभोवती खालची खळबळलेली वाळू. एक ताटली ठेवून तिच्यावर निम्मं पाणी सोडलं, म्हणजे खड्डा पडत नाही. आणि सगळ्यात शेवटी घमेल्यांतली वरची वाळू, वरच्या जागी. फडकं काढून आधी वास घेतला. ओहोटीला किनाऱ्यावर येतो तसा वास, सडका नाही. उरलेलं पाणी भरलं, हीटर, पंप, स्पंज जागेवर. दोन तासांत गढूळपणा खाली बसला, तापमान जुळलं, मग मासे सोडले. त्या दिवशी दिवा बंद आणि खाऊ बंद. पुढचे चार दिवस चिमूटभर.

मी आठवडाभर तिथेच राहिलो. शेतात कामं होती, तरी राहिलो. रोज सकाळी टेस्ट किट. पहिल्या दिवशी अमोनिया शून्य. दुसऱ्या दिवशी रंग जरा हिरवट, ०.२५. त्या रात्री मला नीट झोप नाही, दोनदा उठून बॅटरीच्या उजेडात मासे बघून आलो. पाचवा भाग पाणी बदललं. तिसऱ्या दिवशी तेवढाच, चौथ्या दिवशी शून्य. पुढेही शून्यच राहिला.

पाचव्या दिवशी नातीने चिमूटभर खाऊ टाकला आणि ओरडली, "आजोबा, लवकर या!" वाळूतून आधी बारीक सोंड वर आली, मग शिंपला. एक, दोन, चार गोगलगाई. खाऊचा वास लागला की ही जात वाळूतून अशीच वर येते. घमेल्यातून आलेल्या, म्हणजे खालची वाळूही जागी होती. तेव्हा मी तिला मागचं सगळं सांगितलं. ते मासे म्हातारे नव्हते, माझ्या हातून गेले, वाळू धुतली म्हणून. तिने थोडा वेळ टाकीकडे बघितलं. मग म्हणाली, "पण आता तुम्हाला येतं ना." मी हो म्हटलं.

मंडळी, तुमच्यातल्या किती जणांकडे अशी टाकी असेल ठाऊक नाही. पण चारी, शेततळं, विहिरीचा भराव, सपाटीकरण हे सगळ्यांकडे निघतं. माझी पाइपलाइनची चारी पुढच्या आठवड्यात खणायची आहे. जेसीबीवाल्याला सांगून ठेवलंय, वरची वीतभर माती चारीच्या डाव्या अंगाला, खालचा मुरूम उजव्या अंगाला. बुजवताना मुरूम आधी, माती शेवटी. शेततळ्याची वरची माती असेल तर तिचा डोंगर करून वर्षभर ठेवू नका. उंच ढिगाच्या पोटात हवा जात नाही, घमेल्यात आणि झाकणाच्या बादलीत जो फरक तोच तिथे. कंबरेएवढाच ढीग घाला, वर ताग फेका, आणि जमेल तेवढ्या लवकर ती परत रानात पसरा.

जेसीबीवाला म्हणाला, दोन बाजूंना टाकायचं तर तास जास्त लागेल. म्हटलं, लागू दे. तासाचे पैसे देतो. मागच्या वेळी चार वर्षांचे दिलेत.

कोणी वरची माती वेगळी काढून ठेवली असेल तर किती दिवस ठेवली आणि नंतर पीक कसं आलं, ते जरूर सांगा.

राम राम.